बाळंतिणीच्या उशाशी कोण?

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात कशावर लिहावे याचे एक ठरलेले वळण असते. पाऊस, मैत्री, आई, हुंडा, बेकारी आणि शेवटी परीक्षापद्धती. मी बाळंतपणावर लिहिणार म्हटल्यावर एका मैत्रिणीने डोळे मोठे केले आणि दुसरी म्हणाली, "अगं, तुझं अजून लग्नसुद्धा झालं नाही!" जणू हा विषय बाळंत झालेल्यांनीच आपापसांत कुजबुजायचा आहे. या अंकाचे वाचक, प्राध्यापक मंडळींसह, कोणाच्या तरी कळांमधूनच इथवर आलेले आहेत. तेव्हा संकोच बाजूला ठेवून लिहिते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. कळा सुरू झाल्यापासून मूल हाती येईपर्यंत कोणतीही बाई एकटी असू नये. जिचे माणूस आहे तिच्याजवळ तिचे माणूस असावे. आणि जिचे इथे कोणीच नाही, तिच्याजवळ गावातली एखादी बाई जाऊन बसावी. औषधपाणी डॉक्टर आणि सिस्टर पाहतील. हिने फक्त सोबत करायची. तिला मी या लेखात 'सोबतीण' म्हणणार आहे.

आमचे मारुंजी मुळशी तालुक्यात येते. एका अंगाला हिंजवडीचे इन्फोटेक पार्क, दुसऱ्या अंगाला कासारसाईचे धरण. माझ्या आईने लग्नानंतर ज्या खाचरात भात लावला तिथे आज इमारत उभी आहे. माझ्या आजीची सहाही बाळंतपणे गावातच, मधल्या खोलीत झाली. त्या सहातली दोन मुले वाचली नाहीत. म्हणून जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांत मला धरू नका. सुईण रात्री-अपरात्री कंदील घेऊन येई, नाळ कापी, वार पुरी, आणि सकाळी तिला सुपभर धान्य आणि जुने लुगडे उंबऱ्याबाहेर मिळे. एरवी तिच्या जातीमुळे तिला ओसरीच्या वर घेत नसत. जिच्या हाती घरातला जीव पहिल्यांदा आला, तिचा हात पाण्याच्या हंड्याला लागलेला चालत नसे! ते दिवस गेले हे उत्तमच झाले.

पण आजी सांगते त्यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या खोलीत दोन बायका असत. एक पायथ्याशी, ती सुईण. दुसरी उशाशी, ती थोरली जाऊ, चुलती, नाहीतर शेजारची कोणी. उशाशी बसणारी काही 'करत' नसे. कंबर चोळायची, घाम पुसायचा, घोटभर पाणी द्यायचे, उठवून चार पावले चालवायचे, आणि पुन्हा पुन्हा सांगायचे, "झालं, आता थोडंच राहिलं." पायथ्याशी बसणाऱ्या बाईचे काम आज डॉक्टर आणि सिस्टरकडे गेले, आणि ते त्यांच्याकडेच असायला हवे. उशाशी बसणारीचे काम कोणाकडे गेले? ते कोणाकडेच गेले नाही. ते दवाखान्याच्या दाराबाहेर, जिन्यात बसून राहिले.

आकडे पाहिले की हे किती झपाट्याने झाले ते कळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे २००५-०६ च्या सुमारास महाराष्ट्रातली शंभरातली सुमारे पासष्ट बाळंतपणे दवाखान्यात होत. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा जवळजवळ पंच्याण्णव झाला. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, गावोगावी आशाताई आल्या, २०११ पासून सरकारी रुग्णालयातले बाळंतपण, औषधे, जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत झाली. माझ्या आजीला यातले काही मिळाले असते तर कदाचित माझा एक काका आणि एक आत्या आज असती. एका पिढीत बाळंतपण घरातून दवाखान्यात गेले. एवढ्या मोठ्या हलवाहलवीत काहीतरी सामान मागे राहणारच. ते राहिले, आणि कोणाच्या लक्षातही आले नाही.

माझ्या चुलत वहिनीचे उदाहरण सांगते. पहिलटकरीण, वय बावीस. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात नेले, कोणत्या ते सांगण्याचे कारण नाही. अकरा तास ती आत होती. तिची आई अकरा तास बाहेर जिन्यावर, मांडीवर बाळंतविड्याचे गाठोडे घेऊन. "नातेवाईकांनी आत यायचं नाही" एवढेच उत्तर मिळत होते. वहिनी आता बोलते तेव्हा दुखण्याबद्दल फारसे बोलत नाही. म्हणते, "दुखणं काय, सोसतंच माणूस. पर हे व्हतंय ते बरुबर व्हतंय का वंगाळ, ते कुणाला इचारायचं तेच कळंना." एकदा तिने जोरात हाका मारल्या तर कोणीतरी ओरडले. वास्तविक ओरडणारीही वाईट नसावी. एका सिस्टरच्या अंगावर एका वेळी चार-पाच जणी, त्यातली एक अडलेली; ती कोणाच्या उशाशी बसणार? माझा राग त्या सिस्टरवर नाही. ज्यांनी ती खोली बांधताना उशाशी एक स्टूल ठेवायचे विसरून टाकले त्यांच्यावर आहे.

कोणी म्हणेल, ही भावनेची गोष्ट झाली. मूल सुखरूप झाले ना? मग पुरे. या म्हणण्याला उत्तर आहे, आणि ते भावनेचे नाही. बाई घाबरली की शरीरात भीतीचे स्राव वाढतात आणि त्याने कळा मंदावू शकतात. ही गोष्ट आपल्या म्हाताऱ्यांना शास्त्राशिवाय ठाऊक होती. शास्त्रज्ञांनी ती मोजून पाहिली. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशात, एका गर्दीच्या रुग्णालयात, जिथे बायकांना एकटेच राहावे लागे, तिथे काही पहिलटकरणींजवळ एक साधी, अनोळखी बाई बसवण्यात आली. ती हात धरी, पाठ चोळी, बोलत राही. १९८० साली त्या प्रयोगाचा निष्कर्ष छापून आला: सोबत असलेल्यांचे बाळंतपण दाखल झाल्यापासून सरासरी पावणेनऊ तासांत झाले, एकट्या असलेल्यांना एकोणीस तासांवर लागले. प्रयोग फार लहान होता, आणि एवढा मोठा फरक पुढे मोठ्या प्रमाणावर टिकला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०१७ साली सतरा देशांतल्या पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला, त्यात कळांचा काळ सुमारे चाळीस मिनिटांनीच कमी झालेला दिसतो. पण सतत सोबत मिळालेल्यांत सिझेरियन कमी झाली, दुखणे मारणारी औषधे कमी लागली आणि बाळंतपणाची कडू आठवण घेऊन घरी जाणाऱ्याही कमी झाल्या. ज्या उपायाला ना यंत्र लागते ना औषध, त्याच्याकडून आणखी किती मागायचे? २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक बाईला तिच्या पसंतीची सोबत मिळावी अशी शिफारसच केली आहे. (पहिलटकरणीच्या खऱ्या जोराच्या कळांना बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो असेही त्याच शिफारशींत आहे. बारा तास एकटीने छताकडे पाहत काढून बघा!)

अशी सोबत करणारीला परदेशात 'डूला' म्हणतात. शब्द ग्रीक, मूळ अर्थ दासी. पुण्या-मुंबईत आता पैसे घेऊन हे काम करणाऱ्या शिकलेल्या डूला आहेत. ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्यावी. मला प्रश्न पडतो तो त्याच इमारतींच्या पायाशी, पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या बायकांचा.

आपल्या सरकारनेही दार थोडे उघडले आहे, हे पुष्कळांना माहीत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी रुग्णालयांत बाळंतपणाच्या वेळी सोबतीला एक स्त्री राहू शकते असे ठरवले. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. सोबतीण नात्यातली असावी, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली असावी. तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबण्याची तयारी असावी. डॉक्टरांच्या कामात तिने ढवळाढवळ करू नये, खोलीतल्या दुसऱ्या बायकांकडे जाऊ नये. जिथे आडोसा आहे तिथे नवऱ्यालाही येता येईल. अटी बहुतेक शहाणपणाच्या आहेत. वहिनीच्या आईला हा कागद माहीत असता तर ती जिन्यावरून उठून निदान विचारू तरी शकली असती. हा निर्णय मराठीत, मोठ्या अक्षरांत, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला हवा. आमच्या फळ्यावर मला तो अजून दिसलेला नाही.

पण 'नात्यातली' या शब्दाशी मी अडते. आमच्या शिवारात दरवर्षी कोण कोण येते ते पाहा. बांधकामावर मराठवाड्यातून, विजापूर-कलबुर्गीकडून, बिहार, छत्तीसगडहून आलेली जोडपी. कासारसाई-दारुंब्रेचा संत तुकाराम साखर कारखाना सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', मुकादमाची उचल अंगावर, उसाच्या पाचटाच्या कोपीत मुक्काम. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे, पण उचल फिटेपर्यंत कसले माहेर? तिची आई तिकडे गावी, सासू दुसऱ्या कारखान्याच्या फडात. कळा सुरू झाल्या की नवरा जीपमध्ये घालून दवाखान्यात आणतो आणि दारात थांबतो. आत तिच्या भाषेचेही कोणी नसते. सोबतीची सर्वांत जास्त गरज जिला आहे, तिच्याच नात्यात त्या रात्री दहा कोसांत कोणी नसते. आशाताई आहेत, आणि बाईला दवाखान्यात नेऊन तिच्याबरोबर थांबणे हे त्यांच्या कामात सांगितलेलेही आहे. पण हजार वस्तीला एक आशाताई, लसी, नोंदी, सर्वेक्षणे, मोबाईलवरचे अहवाल. ती किती रात्री बाहेर काढणार?

नात्याबाहेरच्या बाईने हे काम करावे ही कल्पना आपल्याला परदेशातून आणायला नको. १८६३ साली, आपल्याच पुण्यात, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या, टाकलेल्या विधवांनी यावे, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावे, मूल ठेवावे की न्यावे हे त्यांनीच ठरवावे, अशी ती सोय होती. १८८४ सालच्या एका पत्रात जोतीरावांनी लिहिले आहे की तोपर्यंत पस्तीस गरोदर विधवा त्या घरी आल्या. त्यांतल्याच एका काशीबाईचा मुलगा यशवंत. तो त्यांनी दत्तक घेतला, तो पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई गेल्या त्या त्याच्याबरोबर रोग्यांची सेवा करताना. हे आपण पाठ्यपुस्तकात शिकतो, ३ जानेवारीला भाषणेही करतो. पण एक गोष्ट भाषणांत सहसा येत नाही. त्या पस्तीस जणी परक्या होत्या, आणि सावित्रीबाईंना स्वतःचे मूल झालेले नव्हते. 'शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली' या अटीत त्या बसल्या नसत्या! 'वांझेला काय कळणार बाळंतपणाच्या वेणा' ही म्हण ज्या समाजाने घडवली, त्याच्या मध्यावर बसून त्यांनी हे काम केले.

आणि शिक्षणाची अडचण कोणी पुढे करील तर गडचिरोलीकडे बोट दाखवता येते. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथे जेमतेम शिकलेल्या गावच्या बायकांना आरोग्यदूत केले. बाळंतपणाच्या वेळी त्या दाईबरोबर हजर राहत आणि नवजात बाळाची काळजी घेत. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षात नवजात बाळांचे मृत्यू बासष्ट टक्क्यांनी घटल्याचे दिसले. ते काम कितीतरी अवघड; माझी सोबतीण त्यामानाने फारच सोपे काम करणार आहे. इंग्लंडमधल्या हल शहरातल्या एका संस्थेने वस्तीतल्याच बायकांना थोडे शिकवून गरजू बायकांच्या सोबतीला पाठवले. म्हणजे हे कुठे झालेच नाही असे नाही.

आता पैशाचे. 'स्वयंसेवा' हा शब्द मला आवडतो आणि त्याची भीतीही वाटते. आपल्याकडे स्वयंसेवा बहुधा बायकांच्या वाट्याला येते आणि नंतर ती कायमचीच होऊन बसते. आशाताईंना सरकार स्वयंसेविका म्हणते. मोबदला वाढावा म्हणून २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना संपावर जावे लागले. आपण विद्यार्थ्यांनी फुकट काम केले तर आपले काही जात नाही, घरी भाकरी तयार असते. पण आमच्या आळीतली बाई हिंजवडीत चार घरची धुणी-भांडी करते; तिने एक रात्र जागली की दुसऱ्या दिवसाचा खाडा. तिला जाण्या-येण्याचे भाडे, जेवण आणि बुडालेली मजुरी मिळायलाच हवी. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असा नियम आहे. त्यातून बहुतेक ठिकाणी शिलाई यंत्रे आणि हळदीकुंकवाची भांडी येतात असे ऐकते. भांडी पुष्कळ झाली.

मग आपण, कला शाखेच्या मुलामुलींनी, काय करायचे? माझ्या आईचे मत स्पष्ट आहे: "पोरींनी असलं बघू नये, भ्या बसतं." मी तिच्याशी वाद घातला नाही, कारण थोडेसे खरे आहे. आतल्या खोलीत एकोणीस वर्षांच्या मुलीपेक्षा चाळिशीची बाईच बरी, असे मलाही वाटते. वेदनेत असलेल्या बाईला आपली भीती सांभाळायला लावणे बरोबर नाही. पण दाराबाहेर कामे थोडी आहेत का? केस पेपर काढणे, आधार कार्ड नसले तर काय करायचे ते विचारणे, रक्त लागले तर धावणे, तिच्या आईला फोन लावून देणे, हिंदीतून दोन शब्द समजावणे. आपण हिंदी सिनेमे पाहून जी हिंदी शिकलो तिचा कधीतरी उपयोग होऊ द्या. मुलांनी आपल्याला यात जागा नाही असे समजून पान उलटू नये. हिंजवडीच्या चौकात संध्याकाळी सहा वाजता रुग्णवाहिका अडकते तेव्हा उतरून रस्ता मोकळा करायला कोण लागते?

राष्ट्रीय सेवा योजनेत आपण दोन वर्षांत दोनशे चाळीस तास देतो. शिबिरात खड्डे खणतो, झाडे लावतो, आणि पुढच्या वर्षी बहुधा त्याच खड्ड्यांत पुन्हा झाडे लावतो. कार्यक्रम अधिकारी सरांनी रागावू नये. पण एका ऊसतोड बाईसाठी दवाखान्याच्या दारात काढलेली रात्र त्या तासांत धरता येईल का, हा प्रश्न मी त्यांना या लेखातून जाहीरपणे विचारते.

दोन धोके मात्र आधीच ओळखले पाहिजेत. सोबतिणीने स्वतःला वैद्य समजू नये. "अजून जोर दे", "सुई नको घेऊ", "सिझेर नको म्हणून सही करू नको" असले सल्ले द्यायला लागली तर ती सोबत उलटी घातक होईल. सूचना डॉक्टरची, धीर हिचा, एवढी वाटणी पक्की हवी. आणि दुसरे, तोंड. गावात बातमी वाऱ्याच्या आधी पोहोचते. त्या खोलीत काय दिसले, कोण कसे ओरडले, कितवी मुलगी झाली, नवरा आला की नाही, यातले काहीही पारावर येता कामा नये. मला दवाखान्याच्या परवानगीपेक्षा याच अटीची जास्त काळजी वाटते.

परवानगीचे बोलणे वैद्यकीय अधिकाऱ्यांशी करावे लागेल. 'नात्यातली' या शब्दाच्या जागी, निदान जिचे कोणी नाही तिच्यापुरते, 'तिने मान्य केलेली' असे शब्द त्यांना चालतील का, ते विचारायचे आहे. एक अर्धा दिवस सिस्टरांनी बायकांना समजावून द्यावे अशीही विनंती करायची आहे. दवाखान्यात खोलीला पडदे नसतील तर आधी पडदे, मग सोबतीण. शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही आडोशाचा हक्क आहे.

दिवाळीनंतर मी आमच्या आणि शेजारच्या आळीत विचारत फिरले. बहुतेकींनी आधी हसून घेतले. मग एक-एक करून सात जणी तयार झाल्या. त्यांतल्या दोघी स्वतः पंधरा वर्षांपूर्वी परभणीकडून बांधकामावर आलेल्या आणि इथेच राहिलेल्या. "आमच्या येळंला कुणी नव्हतं," एवढेच त्यांनी कारण दिले. धुण्या-भांड्यांची कामे करणारीने सांगितले की तिला रात्रीच बोलवा, पण सकाळी सातच्या आत सोडा, कारण एका घरी लहान मूल आहे आणि ती बाई कामावर जायची खोळंबते. त्यामुळे यादीत मी नाव आणि मोबाईल नंबर यांच्या पुढे आणखी एक रकाना आखला आहे: दिवसा की रात्री.